ओढ्यातले मासे का कमी होतात? प्रवाह, काठची जमीन आणि दगडाखालचे जीव

म्हादई नदीच्या कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पाची बातमी आली की तिच्याबरोबर आकडे येतात. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आले. त्यांपैकी ३.९ टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यासाठी आहे, १.७२ कळशाचे आणि २.१८ भांडुऱ्याचे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. हा वाद बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, निपाणी-चिकोडी-अथणी भागात, उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा मृगाच्या पहिल्या पावसात वेगळीच बातमी वाचायला मिळते. कृष्णेत किंवा तिच्या एखाद्या उपनदीत मेलेले मासे तरंगताहेत, पाण्याला वास येतो आहे, ते पिऊ नये असे सांगितले जात आहे.

पहिल्या बातमीत पाणी किती, हा प्रश्न असतो आणि दुसरीत पाणी कसे, हा. पाण्यात राहणाऱ्या जिवांच्या दृष्टीने मात्र हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. नदीत पाणी केव्हा येते, किती वेगाने येते, किती दिवस टिकते आणि येताना ते कोणत्या जमिनीवरून वाहत येते, या सगळ्यांवर मिळून तिथे कोण जगेल हे ठरते. हे नीट समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात माशांच्या आधी, मासे ज्यांच्यावर पोसतात त्यांच्यापासून करावी लागते.

दगडाखाली कोण राहते?

दिवाळीनंतर मलप्रभेचे पाणी निवळते, तेव्हा हब्बनहट्टीच्या आसपास, जिथे पाणी उथळ होऊन दगडांवरून खळाळते, तिथला तळहाताएवढा एखादा दगड उचलून उलटा करून पाहावा. चपट्या अंगाचा, तीन बारीक शेपट्या असलेला एक किडा प्रकाश पडताच दगडाच्या दुसऱ्या बाजूला सरकतो. ही मेफ्लायची अळी. तिच्या पोटाच्या दोन्ही अंगांना पानांसारख्या नाजूक कल्ल्यांची रांग असते आणि नीट पाहिले तर ते कल्ले थरथरताना दिसतात. शेजारीच वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी नळी दगडाला घट्ट चिकटलेली असते. ती हलवली तर आतून एक डोके बाहेर येते. ही कॅडिसफ्लायची अळी. आपल्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने ती हे घर बांधते. मेफ्लायला पंख फुटल्यावर ती काही तास किंवा फार तर एक-दोन दिवस जगते, पण त्याआधीचे कित्येक आठवडे किंवा महिने तिने याच दगडाखाली काढलेले असतात.

कीटकांच्या अशा अळ्या, खेकडे, गोगलगाई, शिंपले, जळवा आणि कृमी यांना शास्त्रात जलीय अपृष्ठवंशीय, म्हणजे पाण्यातले पाठीचा कणा नसलेले प्राणी म्हणतात. त्यांतले बहुतेक नदीच्या तळाशी राहत असल्यामुळे या लेखात आपण त्यांना तळजीव म्हणू. यांतले काही दगडावरचे शेवाळ खरवडून खातात, काही काठच्या झाडांची पाण्यात पडलेली पाने कुरतडतात, तर काही वाहत्या पाण्यातले बारीक कण गाळून घेतात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात पाने फाडण्याचे बरेचसे काम खेकडेही करतात. अशा रीतीने झाडाचे पान आणि दगडावरचे शेवाळ यांचे अळीत रूपांतर होते आणि ती अळी माशाच्या पोटात जाते. परावलंबन दुसऱ्या दिशेनेही आहे. गोड्या पाण्यातल्या अनेक शिंपल्यांची पिल्ले सुरुवातीचे काही दिवस माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि मगच तळाशी उतरतात. मासे संपले, तर असे शिंपलेही काही वर्षांत संपतात.

आता असाच दगड शहराच्या किंवा उसाच्या पट्ट्यातून आलेल्या, थांबलेल्या पाण्यातून उचलून पाहिला, तर त्याच्यावर बुळबुळीत थर असतो, खालची बाजू काळी पडलेली असते आणि त्या काळ्या चिखलात लालभडक, बारीक अळ्या वळवळत असतात. आपल्या रक्तातल्या लाल रंगद्रव्यासारखेच द्रव्य त्यांच्या अंगात असते आणि त्याच्या बळावर त्या अगदी कमी प्राणवायूतही तग धरतात. अशा दगडावर अळ्यांची संख्या कमी नसते, कित्येकदा ती जास्तच असते. पण वरच्या दगडावर दहा-पंधरा प्रकारचे जीव सापडतात आणि इथे एक किंवा दोन. नदी बिघडली म्हणजे ती लगेच निर्जीव होते असे नाही. आधी तिच्यातली विविधता जाते, आणि ते काठावरून दिसत नाही.

एकूण पाणी आणि पाण्याची वेळ

शेतकऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वर्षाचा एकूण पाऊस सरासरीइतका झाला तरी पेरणीच्या वेळी वाफसा मिळाला नाही, दाणा भरताना ओढ दिली आणि कापणीच्या वेळी झोडपून काढले, तर पीक हातचे जाते. सरासरी भरली म्हणून कणगी भरत नाही. नदीतल्या जिवांचे नेमके असेच असते. प्रवाहाचा अभ्यास करणारे म्हणून एकूण पाण्याबरोबर आणखी चार गोष्टी तपासतात: पूर किती वेळा येतो, तो आणि त्यानंतरचा कमी पाण्याचा काळ किती दिवस टिकतो, तो वर्षाच्या कोणत्या दिवसांत येतो आणि पाणी किती झपाट्याने चढते-उतरते. या सगळ्या गोष्टी मिळून नदीचे प्रवाहचक्र तयार होते, आणि तिच्यातल्या प्रत्येक जातीने हजारो वर्षांत आपले जगणे याच चक्राशी जुळवून घेतलेले असते.

आपल्या भागात हे चक्र फार टोकाचे आहे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर अथणीत तो सहाशेच्याही आत असतो. घाटमाथ्यावरच्या चार महिन्यांच्या पावसावर हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा आणि दूधगंगा या नद्या वर्षभर पोसल्या जातात. पाऊस थांबल्यावर त्यांना जे पाणी मिळते ते जमिनीत मुरलेले पाणी असते आणि हळूहळू पाझरत ओढ्यात येते. हा पाझर जितके महिने टिकतो तितके महिने ओढा वाहता राहतो. तो आटला की पाणी डोहांपुरते उरते आणि सगळे मासे त्या डोहांत गोळा होतात. उन्हाळ्यातला डोह म्हणजे पुढच्या वर्षीच्या माशांचे बियाणे. त्या डोहात मोटारी टाकून तो तळापर्यंत उपसला, किंवा ब्लीचिंग पावडर वा जिलेटिन वापरून एका दुपारीत सगळे मासे काढले, तर नुकसान त्या एका दुपारीपुरते राहत नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात त्या ओढ्यात परत चढायला कुणी उरलेलेच नसते.

पूरही नुसता विध्वंस करीत नाही. मोठे पाणी दगडांच्या फटींत साचलेला गाळ धुऊन काढते, कुजलेला पाचोळा पुढे नेते आणि तळ पुन्हा मोकळा करते. मळ्या नावाचा मासा तोंडाखालच्या चकतीने दगडाला चिकटून त्यावरचे शेवाळ खरवडतो. गाळाने माखलेल्या दगडाला त्याला चिकटताही येत नाही आणि तिथे त्याला खायलाही काही मिळत नाही. म्हणून पावसाळ्यातला पूर त्याच्यासाठी वर्षाची साफसफाई असते.

चढणीचे मासे

प्रवाहचक्राचा सगळ्यात ठळक आविष्कार आपल्याकडे सर्वांनी पाहिलेला आहे. मृगाचा जोरदार पाऊस झाला, ओढ्याला लाल पाणी आले, की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. मोठ्या नदीतून ओढ्यात, ओढ्यातून नाल्यात आणि तिथून थेट भाताच्या खाचरांत. पोटात गाभोळी भरलेली असते. वर उथळ, उबदार आणि अन्नाने भरलेले पाणी असते, मोठे शिकारी मासे नसतात. अंडी घालायला आणि पिल्ले वाढायला याहून चांगली जागा नाही. पाऊस ओसरू लागला की पिल्ले पाण्याबरोबर खाली उतरतात.

या प्रवासाला इशारा लागतो आणि वाटही लागते. पाणी अचानक वाढणे, त्याचे तापमान उतरणे, त्यात मातीचा वास मिसळणे हा इशारा असतो. ओढा वरपासून खालपर्यंत सलग असणे ही वाट असते. रस्त्याखाली पाइप टाकून केलेली मोरी ओढ्याच्या तळापेक्षा हातभर उंच बसवली, की लहान माशांसाठी ती भिंतच होते. मोठा मासा उडी मारून कदाचित पार होईल, पण बोटभर लांबीच्या माशाला ते जमत नाही. अशा मोऱ्यांची कुणी मोजदाद करीत नाही. माझ्या मते बेळगाव जिल्ह्यातल्या लहान माशांचे जेवढे नुकसान मोठ्या धरणांनी केले, त्याच्या बरोबरीने या बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या बांधकामांनी केले असावे.

चढणीचे मासे पकडण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि त्यात काही वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. पण पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीच्या काळासाठीच, आणि ओढ्याच्या सगळ्या रुंदीवर जाळे लावून एकही गाभोळीचा मासा वर जाऊ न देणे हे त्या तत्त्वाच्या अगदी उलट आहे. ओढ्याची अर्धी रुंदी मोकळी ठेवावी, एवढा ठराव गावाला करता येण्यासारखा आहे.

जमीन पाण्यात काय सोडते?

प्रवाह म्हणजे पाण्याचे येणे, आणि ते ज्या जमिनीवरून येते तिचा सगळा हिशेब ते बरोबर घेऊन येते. जंगलात पावसाचा थेंब आधी पानांवर, मग पाचोळ्यावर पडतो आणि बराचसा भुसभुशीत मातीत मुरतो. जंगल स्वतः पुष्कळ पाणी वापरते, त्यामुळे झाडे लावली की ओढ्याला लगेच पाणी वाढते, असे सरसकट म्हणता येत नाही. पण जंगलातून येणारे पाणी सावकाश येते, कमी माती आणते आणि सावलीतून येते, एवढे निश्चित. काठावरच्या करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज यांच्या सावलीने पाणी थंड राहते, त्यांची मुळे काठ धरून ठेवतात, आणि पात्रातल्या दगडांत उगवणारी शेरणी पुराचा वेग अडवते. भीमगड अभयारण्यातले ओढे आजही असे आहेत.

सावली गेली की पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ४ मिलिग्रॅमची मर्यादा ठेवलेली आहे. म्हणजे मुळातली शिल्लक फार मोठी नाही. तीत उसाच्या शेतातून वाहून आलेल्या युरियाची भर पडली की पाण्यात शेवाळ माजते. दिवसा ते प्राणवायू सोडते, पण रात्री तेच प्राणवायू ओढून घेते. त्यामुळे अशा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, आणि मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकताना दिसतात तेही बहुधा पहाटेच. सकाळी दहा वाजता नमुना घेतला तर आकडा बरा येतो, पण तोपर्यंत जे व्हायचे ते झालेले असते.

मातीचा प्रश्न वेगळा. काठापर्यंत नांगरलेले शेत, वीटभट्टीसाठी खणलेली चिकणमाती, रस्त्यासाठी कापलेला डोंगर, पात्रातून उपसलेली वाळू, या सगळ्यांतून येणारा बारीक गाळ दगडांच्या फटींत जाऊन बसतो. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय (दगडांखालीच अळी वाढणारा असाच आणखी एक कीटक) यांचे घर त्या फटीच असतात. तिथल्या अंड्यांवर गाळाचा थर बसला तर त्यांना प्राणवायू मिळत नाही आणि ती मरतात. वाळू काढली तर वाळूच्या कणांनी घर बांधणाऱ्या अळीला घर बांधायला साहित्यही उरत नाही आणि तळही स्थिर राहत नाही.

शहराचा परिणाम आणखी वेगाने होतो. डांबर, काँक्रीट आणि छपरे यांच्यावर पडलेला पाऊस मुरत नाही. तो गटारातून काही मिनिटांत नाल्यात येतो. त्यामुळे नाल्याला लहान पावसातही मोठा लोंढा येतो आणि तो ओसरला की नाला जवळपास कोरडा, केवळ सांडपाण्यावर वाहणारा होतो. पाणलोटाचा साधारण दहा टक्के भाग असा झाकला गेला की ओढ्यातले नाजूक जीव कमी होऊ लागतात, असे निरनिराळ्या देशांतल्या शहरी ओढ्यांच्या अभ्यासांत वारंवार आढळले आहे. काही ठिकाणी त्याच्याही आधी. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याबद्दल आपण बोलतो ते वडगाव-शहापूर शिवारात पाणी शिरून भाताचे नुकसान झाले की. ते नुकसान खरे आहे आणि शेतकऱ्याचा संतापही रास्त आहे. पण पीक बुडवणारा लोंढा आणि तळजीव धुऊन नेणारा लोंढा एकच असतो, आणि त्याचे कारणही एकच.

पहिल्या पावसात मासे का मरतात?

प्रवाह आणि जमीन यांची गाठ कुठे पडते, हे आपल्या जिल्ह्यात जेवढे स्पष्ट दिसते तेवढे क्वचितच कुठे दिसत असेल.

दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णा यांच्यावर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि बंधारावजा पूल आहेत. कारदगा-भोज, अकोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, कल्लोळ-येडूर ही नावे पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या पुलांच्या यादीत दरवर्षी वाचायला मिळतात. अशा बंधाऱ्यात पावसाळा संपला की खांबांच्या मधल्या खोबणीत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी बरगे काढतात. या पाण्यावर ऊस उभा आहे, गावांचे पिणे आहे, त्यामुळे बंधारे नकोत असे कुणी म्हणणार नाही. मात्र बरगे घातल्यावर वाहती नदी एकामागून एक तळ्यांची रांग होते. उन्हाळ्यात या तळ्यांत गावाचे सांडपाणी, शेतातला निचरा आणि कधी कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी साचत जाते. मळी म्हणजे साखर, आणि साखर म्हणजे जिवाणूंना मेजवानी. ते ती खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. वरचा थर बरा दिसतो, तळाशी मात्र काळे, जवळपास प्राणवायूविरहित पाणी बसून असते.

मग मृग लागतो. पहिल्या जोराच्या पावसाने गटारे, उकिरडे, रस्ते आणि शेते यांच्यावर आठ महिने साचलेले सगळे एकदम नदीत येते. त्याच सुमारास बरगे घाईघाईने काढले जातात आणि तळाचे काळे पाणी लोटासारखे खाली सुटते. पुढच्या बंधाऱ्याच्या अलीकडे थांबलेल्या माशांना पळायला वाव नसतो. आणि हे घडते नेमके त्या दिवसांत, जेव्हा पावसाचा इशारा ओळखून मासे विणीसाठी वर चढू लागलेले असतात, म्हणजे मरतात ते बहुधा गाभोळी घेऊन चाललेले. एका दिवसात एका वर्षाच्या पिढीचे नुकसान होते. एकूण पाण्याचा हिशेब केला तर त्या आठवड्यात नदीला पाणी वाढलेलेच असते, म्हणूनच ‘पाणी आले आणि मासे मेले कसे?’ असा प्रश्न लोकांना पडतो.

अशा पाण्यात टिकते कोण? चिलापी आणि आफ्रिकन मांगूर. दोन्ही बाहेरून आलेले, दोन्ही थांबलेल्या, कमी प्राणवायूच्या पाण्यात सहज वाढणारे. बाजारात मासा दिसतो म्हणून नदी सुस्थितीत आहे, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे आहे.

‘पावसाळ्यात नदी गढूळ असतेच की’

असतेच, आणि असायलाही हवी. पण पावसाळ्यातल्या गढूळपणाबरोबर मोठा प्रवाह असतो, तो गाळ पुढे नेतो. अडचण होते ती फेब्रुवारीत किंवा मार्चमध्ये पाणी कमी असताना गाळ आला की. तो पुढे नेणारे पाणी नसते, म्हणून जिथे पडतो तिथे बसून राहतो. तेवढीच माती दोन वेगळ्या महिन्यांत आली, तर तिचा परिणाम वेगळा होतो.

‘धरणात तर मासे भरपूर मिळतात’

हिडकल किंवा नविलुतीर्थ जलाशयात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते आणि त्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो, हे चांगलेच आहे. तरीही जलाशयातले मासे वाहत्या पाण्यातल्या माशांची जागा घेऊ शकत नाहीत. महसीर, मळ्या, दगडांत राहणारे मिशावाले लहान मासे यांना खळाळ लागतो. काहींचे जग तर विलक्षण लहान असते. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या पाण्यात सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशाची नवी जात म्हणून नोंद २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसास्थळ घोषित केले. पुढे संकेश्वरातून वाहत जाणाऱ्या नदीच्या उगमाशी असा मासा इतकी वर्षे होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते? तो टिकला तो त्या पाण्याला देवाचे पाणी मानले गेले म्हणून. रायगड जिल्ह्यातल्या वाळणकोंडीत, शृंगेरीत आणि शिशिलमध्ये महसीर टिकले तेही याच कारणाने.

‘समुद्राला मिळून वाया जाणारे पाणी वळवले तर काय बिघडले?’

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी लागते, ती गरज खोटी नाही. आकडेही पाहू. लवादाने म्हादई खोऱ्यातले विश्वासार्ह पाणी १८८ टीएमसीच्या आसपास धरले आहे, त्यातले वळवायचे ३.९ टीएमसी म्हणजे साधारण दोन टक्के. तेव्हा त्याने नदी संपेल, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

परंतु मासा खोऱ्यात राहत नाही, तो एका ठरावीक ओढ्यात राहतो. जे पाणी मांडवीच्या (गोव्यात म्हादईला मांडवी म्हणतात) मुखाशी दोन टक्के असते तेच कणकुंबीजवळच्या नाल्यात, जिथून ते वळवायचे तिथे, नाल्याच्या प्रवाहाचा फार मोठा हिस्सा असते. वळणाच्या खालच्या काही किलोमीटरांत काय उरेल, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर खोऱ्याच्या टक्केवारीतून मिळत नाही. पाणी पावसाळ्यातलेच नेणार, हेही पुरेसे आश्वासन नाही, कारण तळ धुणारा पूर, चढणीचा इशारा आणि पिल्ले वाढण्याचा भाद्रपद-आश्विनातला उतरता प्रवाह, हे सगळे पावसाळ्याच्याच पाण्यात असते. शिवाय उगमाकडचे लहान ओढे खालच्या नदीला अळ्या, पाने आणि माशांची पिल्ले पुरवत असतात. समुद्राला मिळणारे पाणीही तिथे जाऊन निकामी होत नाही. मांडवीच्या खाडीत भरतीचे खारे पाणी आत शिरते त्याला मागे रेटण्याचे काम तेच करते, आणि गोडे-खारे मिसळलेल्या त्या पाण्यात किती तरी माशांची आणि शिंपल्यांची पिल्ले वाढतात.

म्हणून कुठलाही प्रकल्प असो, पर्यावरणीय प्रवाह किती सोडणार, हे महिन्यानुसार विचारायला हवे. नदीतले जीव जगावेत म्हणून पात्रात सोडायचे पाणी म्हणजे पर्यावरणीय प्रवाह. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये असा नियम केला. त्यात नोव्हेंबर ते मार्च त्या त्या वेळच्या प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे महिन्यांत २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी सोडणे बंधनकारक आहे. हे आकडे जसेच्या तसे आपल्या ओढ्यांना लागू पडणार नाहीत, तिथला बर्फ आणि इथला पाझर यांत फरक आहे. पण महिना पाहून पाणी सोडायचे, हे तत्त्व त्यात मान्य झालेले आहे.

‘पाण्याची तपासणी होतेच, किडे कशाला मोजायचे?’

बाटलीत घेतलेला नमुना त्या क्षणाचे पाणी सांगतो. रात्री सांडपाणी सोडले आणि सकाळी नमुना घेतला, तर ते निसटते. दगडाखालची अळी मात्र तिथे महिनोन्‌महिने राहिलेली असते. मधल्या एखाद्या रात्री प्राणवायू संपला असेल तर ती मेलेली असते, आणि तिचे नसणे पुढचे कित्येक आठवडे दिसत राहते. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत तळजीवांच्या आधारे पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत आहे. शाळांनाही हे करता येण्यासारखे आहे. पांढरे ताट, बारीक जाळी आणि एक भिंग एवढ्यावर काम भागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. खळाळत्या जागेतले काही दगड पाहून मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तिघांच्या अळ्या किती प्रकारच्या सापडतात ते नोंदवायचे आणि दगड होते तसेच परत ठेवायचे. तिन्ही सापडल्या तर पाणी चांगले. केवळ लाल अळ्या सापडल्या तर वरच्या बाजूला काय येऊन मिळते ते शोधायचे.

गावाच्या हातात काय आहे?

बऱ्याच गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. नदीकाठचा पट्टा, निदान दहा-पंधरा पावलांचा, नांगराखाली न घेता तिथे करंज, वाळुंज, उंबर वाढू देणे. ओढ्यातला निदान एक खोल डोह उन्हाळ्यात मोटारींसाठी बंद ठेवणे. नव्या मोरीचा तळ ओढ्याच्या तळाशी जुळवून घेण्याचा आग्रह कंत्राटदाराकडे धरणे. ठिबकवर ऊस घेतला की पाणी वाचते आणि खतही कमी वाहून जाते, म्हणजे एकाच कृतीने प्रवाह आणि जमीन दोन्ही सुधारतात.

सर्वांत तातडीचे काम मात्र बरग्यांचे आहे. बरगे घालताना एका गाळ्यातून थोडे पाणी सतत वाहू द्यावे. काढताना सगळे एका दिवसात न काढता वळवाचा पाऊस सुरू होताच टप्प्याटप्प्याने, वरच्या बंधाऱ्यापासून खालच्यापर्यंत वेळ ठरवून काढावेत, म्हणजे तळाचे काळे पाणी थोडे-थोडे जाईल आणि पुढच्या प्रवाहात मिसळून सौम्य होईल. यासाठी दोन राज्यांनी बोलायला हवे, कारण दूधगंगा आणि वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून येतात आणि एकाच नदीवरचे बंधारे दोन राज्यांच्या पाटबंधारे खात्यांकडे आहेत. महापुराच्या वेळी अलमट्टी आणि कोयनेच्या विसर्गाबद्दल दोन्हीकडचे अधिकारी बोलतात, २०१९ च्या पुरानंतर तर त्यावर बैठकाही झाल्या. तशीच एक बैठक मे महिन्याच्या मध्यावर, बरगे काढण्याच्या तारखा ठरवण्यासाठी व्हावी, आणि तिच्या तारखा नदीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फलकावर मराठीत आणि कन्नडमध्ये लागाव्यात.